दादाच्या मेंदूत बुरशी निघाली आहे, पाठीतून रोज पाणी काढू द्यावं का?

कर्वेनगरकर

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४४. अडीच वर्षांपूर्वी त्याचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी आईची. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तिन्ही गोळ्या मोबाइलला अलार्म लावून घेतो, एक वेळ चुकवलेली नाही. गेल्या महिन्यात त्याचं डोकं दुखायला लागलं. ताप नाही, सर्दी नाही. ऑफिस हिंजवडीला, जायला दीड तास, यायला दीड तास, त्यामुळे प्रवासाचं असेल असंच सगळ्यांना वाटलं. पंधरा दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. मग एका सकाळी तो ओट्याशी उभा राहून वहिनीकडे बघत राहिला आणि त्याला तिचं नाव आठवेना.

त्याच दिवशी ॲडमिट केलं. एमआरआयमध्ये फारसं काही नाही. पाठीतून पाणी काढलं, त्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी निघाली. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आहे, पण बुरशीमुळे झालेली, असं डॉक्टर म्हणाले. बुरशी मारणाऱ्या ॲम्फोटेरिसिनचं सलाईन चालू केलंय.

आता प्रश्न. चार दिवसांत दोनदा पाठीतून पाणी काढून झालं. उद्या तिसऱ्यांदा काढायचं म्हणतात, आणि प्रेशर उतरेपर्यंत कदाचित रोज. बाबा नाहीत, घरात काकांचा शब्द चालतो, आणि काकांनी सांगितलंय की पाठीत सुया खुपसून पोरगं लुळं होईल, मेंदूतलं सगळं पाणी काढून टाकलं तर राहील काय, सही करायची नाही. वहिनी रडते आणि गप्प बसते. सकाळी नऊला राउंड आहे, त्याआधी ठरवायचंय.

दुसरं, हे औषध किडनीला वाईट असतं असं नर्सच म्हणाली. आई तेव्हापासून जेवलेली नाही.

आणि तिसरं, डॉक्टरांनी सहज विचारलं की घराजवळ कबुतरं आहेत का. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज गॅलरीत ज्वारी टाकतात. काका काल त्यांच्या दारात जाऊन वाटेल ते बोलून आले.

यातून कोणी गेलं असेल तर कृपा करून लिहा.

मोगरा

उद्या सही करा. आज रात्री करता आली तर आजच करा. आधी एवढं वाचा, बाकीचं दवाखान्यात बसून वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही, बालवाडी घेते. पण मी ही सही दोन दिवस केली नव्हती. त्या दोन दिवसांनी काय केलं ते आमच्या घरात रोज दिसतं, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आमचा नारायण पेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळीला कॅलेंडरं. ह्यांच्या लघवीतून प्रोटीन जायचं, नेफ्रोटिक सिंड्रोम, त्यासाठी दीड वर्ष स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. २०१८ च्या गणपतीनंतर डोकं धरायला लागलं. गणपतीत मंडळांच्या कामाची जागरणं झालेली, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. नवरात्रात एक दिवस हे मशीनवरच्या पोरावर ओरडले, "रजिस्टर हललंय, लाल बाजूला पडतोय!" चार रंग एकावर एक नीट बसले नाहीत की अक्षराच्या कडेला दुसऱ्या रंगाची रेघ दिसते, त्याला छापखान्यात रजिस्टर हलणं म्हणतात. पोराने प्लेट पुन्हा बसवली. तरी तेच. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा तो भिंग घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, बघा, बरोब्बर बसलंय. ह्यांनी एक डोळा मिटून भिंगातून पाहिलं, खरंच बरोबर होतं. भिंग बाजूला केलं की पुन्हा अक्षराला अक्षर चिकटलेलं.

आम्ही लक्ष्मी रोडला जाऊन चष्म्याचा नंबर बदलून आणला. त्यात आठ दिवस गेले. डोक्यातला दाब वाढला की डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दबते आणि एकाचे दोन दिसतात, हे मला नंतर कळलं. तुमच्या दादाला विचारा, दूरचं काही दोन दिसतंय का. दिसत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

पहिल्या दवाखान्यात पाठीतलं पाणी तपासलं. पेशी वाढलेल्या, प्रोटीन वाढलेलं, साखर कमी. टीबीचा मेनिंजायटिस म्हणून टीबीच्या गोळ्या आणि स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू केली. आपल्याकडे टीबी इतका आहे की तो आधी मनात येणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार एवढीच की त्याच पाण्यातलं थोडं बुरशीच्या तपासणीला पाठवलं नाही. ह्यांच्या अंगात दीड वर्ष स्टिरॉइड आहे हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. आठवडाभर बरं वाटलं, मग एकदम ढासळले. बाराव्या दिवशी दुसरीकडे हलवलं.

तिथे न्यूरोच्या एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होत्या. हे स्थिर राहीनात म्हणून त्यांनी मला आत घेतलं. कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी, मी मान आणि गुडघे धरून वाकलेली, म्हणून सगळं डोळ्यांसमोर घडलं. सुईला त्यांनी एक उभी पारदर्शक नळी जोडली, तिच्यावर आकडे. पाणी नळीत चढायला लागलं. त्या म्हणाल्या, वीस सेंटिमीटरच्या आसपास थांबायला हवं. वीस गेलं, तीस गेलं. मग आकडे संपले, नळी संपली, आणि पाणी वरच्या तोंडातून बाहेर येऊन त्यांच्या हातमोज्यावरून ओघळलं. पाणी अगदी स्वच्छ होतं, पिण्याच्या पाण्यासारखं. इतक्या स्वच्छ पाण्यात आजार आहे हे मला खरंच वाटेना.

हा दाब का वाढतो ते त्यांनी मला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत काकांना सांगा. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पाण्यात असतो ते रोज नवीन तयार होतं आणि जुनं रक्तात जिरतं. ही बुरशी आणि तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर जिरण्याच्या जागेवर जाऊन अडकतो, मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकतात तसा. नळ चालूच असतो. मोरी तुंबली की पाणी घरात चढतं, तसा डोक्यात दाब चढतो, आणि त्याखाली आधी डोळ्यांच्या नसा आणि कान जातात. औषधाने बुरशी मरते, पण त्याला आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी हातानेच उपसायला लागतं. गोळी देऊन हा दाब उतरत नाही. एमआरआय किंवा सीटी चांगला आला म्हणजे दाब नाही असंही नाही, ह्यांचाही चांगलाच होता.

काकांच्या दोन्ही भीतींची उत्तरं मी तेव्हाच विचारून घेतली होती, मलाही तीच भीती होती. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिली असतं आणि शरीर रोज ५०० मिलीच्या आसपास नवं तयार करतं. एका वेळी वीस-तीस मिली काढतात, ते तासा-दीड तासात भरून येतं. आणि मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत जाते, तिथे पाण्यात नुसते नसांचे सुटे धागे असतात, सुई आली की बाजूला सरकतात. सुई टोचल्यावर पायात एखादी चमक जाते, ह्यांना दोनदा गेली, ती क्षणाची असते. आधी मेंदूत गाठ किंवा सूज नाही ना आणि रक्त पातळ करणारं औषध चालू नाही ना, एवढं डॉक्टर बघून घेतात.

आता ते दोन दिवस. तीनदा पाणी काढल्यावर ह्यांचं डोकं उतरलं, चहा मागितला, पोराला प्रेसच्या किल्ल्यांचं विचारलं. सासूबाई आणि दीर म्हणाले, आता बास, बरा झालाय, कशाला छळता. मलाही तेच ऐकायचं होतं. शनिवारी मी सही केली नाही. रविवारीही नाही. रेसिडेंट बाई दोन्ही दिवस दोन-दोनदा आल्या, मी खाली बघत राहिले. रविवारी रात्री साडेअकराला हे म्हणाले, "लाईट गेले का गं?"

डोक्यावर ट्यूब जळत होती. पंखा फिरत होता.

त्या रात्री पाणी काढलं, नंतर रोज काढलं, नवव्या दिवशी डोक्यातून पोटात नळी घातली, शंट म्हणतात. डाव्या डोळ्याला आज फक्त समोर हात हलवलेला कळतो. उजव्याने मोठी अक्षरं वाचतात. उजवा कान मंद आहे. छापखाना मुलगा बघतो. हे रोज दोन तास जाऊन बसतात, कागद चिमटीत धरून नव्वद जीएसएम आहे की शंभर ते सांगतात, आणि अजून एकदाही चुकलेले नाहीत.

एक वही करा. प्रत्येक वेळी दोन आकडे विचारून लिहा, सुरुवातीचा दाब किती आणि पाणी काढून झाल्यावर किती. पंचविसाच्या वर असेल तर तो निम्म्यावर किंवा विसाच्या खाली आणायचा असतो, आणि सलग दोन-तीन दिवस खालीच राहिला की मग रोज काढायला लागत नाही. बरेच दिवस झाले तरी चढतच राहिला तर ड्रेन किंवा शंटचं तुम्हीच विचारा. नळी न जोडता नुसतं पाणी काढलं तर आकडा कळणारच नाही, तेव्हा "मोजणार ना?" एवढं आधी विचारा.

औषधाचं. साधं ॲम्फोटेरिसिन किडनीवर जड जातं, म्हणून ट्रान्सप्लांटच्या पेशंटला शक्यतो त्याचाच किडनीला कमी जड प्रकार, लायपोसोमल, देतात. तुमच्याकडे कोणतं चालू आहे ते बाटलीवर वाचा. ते द्यायच्या आधी साध्या सलाईनची एक बाटली लावायचे, किडनी धुतलेली राहावी म्हणून. औषध स्वतः मात्र डेक्स्ट्रोजमध्येच. क्रिएटिनिनबरोबर (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही तपासतात ना बघा, ते घसरतं, ह्यांच्या पिंडऱ्या इतक्या वळायच्या की ओरडायचे. थंडी भरून दात वाजायचे, त्यासाठी आधी पॅरासिटामॉल द्यायचे. आईंना सांगा की क्रिएटिनिन थोडं वर गेलं तरी ते रोज बघितलं जातं आणि बऱ्याचदा खाली येतं. त्यांनी दिलेली किडनी जपायची तर आधी हा माणूस जपायला हवा.

आणि टॅक्रोलिमस किंवा स्टिरॉइड मनाने बंद करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. प्रतिकारशक्ती एकदम परत आली की तीच मेंदूत सूज आणते. काय कमी करायचं, किती, ते किडनीवाले आणि न्यूरोवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवू देत. पुढे बुरशीसाठी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या सुरू होतील तेव्हा टॅक्रोलिमसची लेव्हल पुन्हा बघायला लावा, फ्लुकोनाझोलने ती वर चढते. या गोळ्या सहा महिने ते वर्षभर चालतात. ह्यांच्या चौदा महिने चालल्या.

रात्री कधीही लिहा, मी जागी असते.

स्लाइडवाला

मोगराताईंनी लिहिलंय त्यात दुरुस्तीला जागा नाही. मी सोळा वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, तपासणीच्या बाजूचं थोडं सांगतो.

पाठीतल्या पाण्याचा एक थेंब आणि काळ्या शाईचा एक थेंब काचेवर एकत्र करतात, इंडिया इंक म्हणतात. शाई सगळीकडे पसरते, पण या बुरशीच्या अंगाभोवती साखरेचा जो जाड थर असतो त्यात शिरत नाही. मग मायक्रोस्कोपखाली काळ्या आभाळात पांढरी वलयं दिसतात, वलयाच्या मधोमध गोल पेशी, आणि एखादीला छोटीशी कळी फुटलेली. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पण एचआयव्ही नसलेल्या पेशंटमध्ये जवळपास निम्म्या वेळा शाईत काहीच सापडत नाही. म्हणून शाई निगेटिव्ह आली तरी बुरशी नाही असं म्हणू नये. अँटिजेनची पट्टी करून घ्यावी. गरोदरपणाच्या टेस्टसारखीच असते, दहा मिनिटांत रेघ येते, आणि क्वचितच चुकते. रक्तावरही होते. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी स्टिरॉइड, ट्रान्सप्लांट, एचआयव्ही, लिव्हर सिरोसिस असं काही असेल आणि दोन-तीन आठवडे डोकं दुखत असेल, तर क्रिप्टोची टेस्ट झाली का, एवढं विचारा. क्वचित काहीच आजार नसलेल्या माणसालाही होतो हा.

स्टिरॉइडबद्दल मोगराताईंच्या बाबतीत झालं ते का झालं याला पुरावा आहे. एचआयव्ही असलेल्या क्रिप्टोच्या पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन आशियात आणि आफ्रिकेत मोठी चाचणी घेतली होती. फायदा होईना, उलट नुकसान दिसायला लागलं, म्हणून मध्येच थांबवली. २०१६ मध्ये ती छापून आली. (ट्रान्सप्लांटची रोजची प्रेडनिसोलोन ही वेगळी गोष्ट, ती डॉक्टरच बघतील.)

कल्चरला, म्हणजे बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, काही दिवस लागतात. ही बुरशी ओळखायला एक खास माध्यम वापरतात, ते कारळ्याचं असतं. चटणी करतो तेच कारळे, कुटून, उकळून, गाळून. त्यावर बाकीच्या यीस्टच्या वसाहती पांढऱ्या राहतात आणि क्रिप्टोकॉकस तपकिरी होतो, कारण तो त्यातल्या द्रव्यापासून मेलॅनिन बनवतो. दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी घेऊन कल्चरला लावतील. त्यात काही उगवलं नाही तरच सलाईनवरून गोळ्यांवर येतात. तो रिपोर्ट मागून घ्या. फ्लुसायटोसिन नावाच्या गोळ्या ॲम्फोटेरिसिनच्या जोडीला चांगल्या, पण आपल्याकडे सहज मिळत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिल्या तर त्याच दिवशी शोधायला लागा.

सासवडरोड

हीच ती कोविडवाली काळी बुरशी का? माझ्या वडिलांना मे २०२१ मध्ये झाली होती, मधुमेह आणि कोविडचं स्टिरॉइड. गाल बधिर झाला, मग डोळा सुजला. वरचा जबडा अर्धा काढला तेव्हा वाचले. ॲम्फोटेरिसिनसाठी मी आणि भाऊ पुणे ते सोलापूर फिरलो होतो. म्हणून नाव वाचून पोटात गोळा आला.

स्लाइडवाला

नाही, ती म्युकर. ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यामागून मेंदूकडे जाते, रक्तवाहिन्या बंद करत, म्हणून मेलेला भाग कापून काढावा लागतो. क्रिप्टोकॉकस श्वासातून फुप्फुसात जातो आणि रक्तातून मेंदूच्या आवरणात. इथे कापण्यासारखं काही नसतं. औषध दोन्हीला ॲम्फोटेरिसिनच, म्हणून घोटाळा होतो. तुमचे वडील आता कसे आहेत?

सासवडरोड

बरे आहेत. मऊ भात खातात, रोज सकाळी फिरून येतात.

बुरशीमास्तर

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. कबुतरांच्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण त्यावरून एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात भांडण झालंय, आणि ते मला बरं वाटलं नाही.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स सापडतो हे खरं. पक्षी स्वतः त्याने फारसा आजारी पडत नाही, त्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, चाळीस अंशांच्या वर, ते या बुरशीला मानवत नाही. विष्ठा सुकून तिची पूड झाली, झाडताना उडाली, की श्वासातून आत जाते. पण ती मातीतही असते. तिची बहीण क्रिप्टोकॉकस गॅटी झाडांवर राहते. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये ती निलगिरीवर सापडली, आणि भारतात जांभळाच्या जुन्या खोडांच्या ढोलींमधूनही मिळाली आहे. पुण्यात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्याच फुप्फुसात हे कण कधी ना कधी गेले असतील. निरोगी शरीर त्यांना तिथेच कोंडून ठेवतं, कधी कधी वर्षानुवर्षं, आणि प्रतिकारशक्ती खाली गेली की ते जागे होतात. तुमच्या दादाला ती गेल्या महिन्यात लागली की शाळेत असताना, वरच्या गॅलरीतून की कुठल्या झाडाखालून, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्या आजोबांवर याचं ओझं टाकू नका.

ज्वारी टाकणं मात्र थांबायला हवं, आणि ते नीट बोलून थांबेल. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या डोक्यावर ती गॅलरी नको. दादा घरी यायच्या आधी तुमची गॅलरी साफ करून जाळी लावून घ्या. कोरडं झाडू नका. आधी पाणी मारून भिजवा, एन-९५ मास्क लावा, मग खरवडून पिशवीत बांधा. दादाने त्या दिवशी घरात थांबू नये. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा घरातली मुलं त्याला भेटू शकतात, जवळ बसू शकतात. हे कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

जाता जाता, लॉ कॉलेजच्या जवळ आगरकर रस्त्यावर आपली आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे भारतातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला आहे. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना तिथे नेऊन सांगत आलो की बुरशीशिवाय जंगल उभं राहत नाही. पण २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला घातक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात सगळ्यात वरच्या गटात चारच नावं आहेत आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स त्यातलं एक, हेही मी त्यांना सांगायला हवं होतं. डॉक्टर होणारी मुलंही असायची त्यांत.

कर्वेनगरकर

सगळ्यांना एकदमच लिहिते, हात थरथरतायत.

मोगराताई, तुमचा प्रतिसाद मी काकांना वाचून दाखवला. फोनवर ते ऐकेनात, म्हणून रात्री अकराला त्यांच्याकडे गेले. "लाईट गेले का गं"पर्यंत वाचलं आणि मलाच पुढे वाचता येईना. काकांनी फोन हातात घेतला, चष्मा लावून स्वतः शेवटपर्यंत वाचलं, मोरीचा भाग दोनदा वाचला. मग म्हणाले, सकाळी मी येतो.

सही काकांनीच केली. नळी जोडणार का विचारलं, तर डॉक्टर जरा चकित झाले, म्हणाले रोजच जोडतो. सुरुवातीला ३८. चोवीस मिली काढलं. नंतर १७. वही केली आहे, वहिनीने पहिल्या पानावर आधीच्या दोन वेळचे आकडेही फाइलमधून उतरवून घेतले, ४१ आणि ३६. औषध लायपोसोमलच आहे. क्रिएटिनिन आज १.६, आधी १.३ होतं. पोटॅशियम कमी आलं म्हणून सलाईनमधून देतायत. दोन दिसतं का विचारलं तर दादा म्हणाला, हो, दारातल्या सिस्टर दोन दिसतात, मला वाटलं दोघी आहेत. डोळ्यांचे डॉक्टर संध्याकाळी येऊन नसा तपासणार आहेत.

दुपारी त्याने वहिनीला नावाने हाक मारली. आईला फोन लावून दिला, ती काही बोलली नाही, पण नंतर तिने पोळी खाल्ली असं शेजारच्या काकूंनी कळवलं.

आजोबांकडे मी उद्या जाणार आहे, काकांना न घेता.

मोगरा

उद्याचा आकडा लिहा. सतराच्या खाली-वर कितीही आला तरी लिहा. रविवारीसुद्धा.